एकोणीस हात

सकाळी ७.३०
हमरापूर, तालुका पेण. ८ सप्टेंबर २०२५, सोमवार. परवा अनंत चतुर्दशी झाली, काल ग्रहण होतं, आज पितृपक्ष लागला. नवं काम कुणी धरत नाही. म्हणूनच दादांनी कारखान्यातल्या सगळ्यांना आज बोलावलंय. शटर अर्धं वर. आत फरशीवर, पंख्याच्या पात्यांवर, देव्हाऱ्यावर पांढरी भुकटी. गेले दोन महिने इथे पाय ठेवायला जागा नव्हती. आज मधोमध मांजर झोपलंय.

८.००
आधी झाडलोट. रबराचे साचे साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि सावलीत वाळवायचे, उन्हात रबर खराब होतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायचं. स्प्रेगनची नोझल थिनरमध्ये टाकायची. आखणीवाले काका मात्र आपले ब्रश कुणाला धुवू देत नाहीत. झिरो नंबरचे तीन ब्रश, रुमालात गुंडाळलेले. बाप्पाचे डोळे त्यांतूनच उतरतात.

९.१५
माळ्यावरून फुटलेल्या मूर्ती खाली येतात. सगळ्या शाडूच्या. सहाशेंतल्या त्रेचाळीस. फेकू नका, असं दादांनी जुलैतच बजावलं होतं. पूजा झालेली नाही, म्हणजे अजून मातीच. पॅकिंगवाला पोरगा त्या ओळीने मांडतो. कुणाच्या हातून फुटली त्याप्रमाणे नाही, कुठे फुटली त्याप्रमाणे. हात तुटलेल्या एकोणीस. सोंड तुटलेल्या अकरा. कान नि मुकुट आठ. अंगाला तडा गेलेल्या पाच. हे मांडणं कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाला, "अशाच मोजायला सोप्या पडतात."

१०.००
चहा. दादा वर्षाची उजळणी करतात. जानेवारीच्या शेवटी हायकोर्टाने पीओपीबंदी कडक पाळायला सांगितली, म्हणून गिऱ्हाइकांनी शाडू मागितला. ९ जूनला पीओपीच्या मूर्ती घडवायला मोकळीक मिळाली, तोवर ऑर्डरी घेऊन झालेल्या. पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, म्हणजे इथेही ऊन गेलं. वर चतुर्थी २७ ऑगस्टला, आदल्या वर्षीपेक्षा अकरा दिवस आधी.
"मातीने नाही, कॅलेंडरने मारलं," दादा म्हणतात.
"कॅलेंडर जानेवारीपासून भिंतीवर होतं," वहिनी बशी ठेवता ठेवता म्हणतात. वहिनी पॉलिश पेपर मारतात. रोज साडेचारशे रुपये.

११.००
आता खरं काम. वहिनी ओळीतला एक तुटका हात उचलतात. आशीर्वादाचा उजवा हात, तळव्यावर लाल स्वस्तिक. तो उलटा करून मनगटाचा मागचा भाग दारातल्या उजेडात धरतात. बॉडी कलरच्या खाली एक उथळ खोलगा आहे. त्यात त्या आपला अंगठा ठेवतात. बरोब्बर बसतो.
"माझाच. सुक्या मातीवर अंगठा उठतो का?"
कुणी बोलत नाही. मग एकेक हात तपासला जातो. एकोणिसांपैकी चौदांवर तो खोलगा. म्हणजे माती आतून ओली असतानाच पेपर मारला, वर रंग चढवला. पुढे टेम्पोच्या पहिल्या खड्ड्याला मनगट गेलं. (मुंबई-गोवा रस्त्यावर पहिला खड्डा शोधावा लागत नाही.)
"मग तेव्हा का नाही बोललात?"
"टेम्पो दारात लावून तुम्हीच उभे होतात, दादा."
दादा हसत नाहीत, चिडतही नाहीत. मान खाली घालून उरलेले पाच हात पुन्हा बघतात.

१२.१५
तड्याच्या पाच मूर्ती. पाचही डाव्या अंगाला तडकलेल्या. पोरगा स्वतःच सांगतो, पंखा डावीकडे होता. १८-१९ ऑगस्टला धो धो पाऊस, माती सुकेना, म्हणून त्याने उभा पंखा रात्रभर चालू ठेवला. वाऱ्याकडची बाजू आधी सुकून आक्रसली, दुसरी ओलीच. काका म्हणतात, त्यांचे वडील जुनी साडी पांघरायचे मूर्तींवर, आणि रोज पाव फेरा फिरवायचे. हे काकांना तीस वर्षं माहीत होतं. विचारलं नाही कुणी, आणि काका आपण होऊन सांगणाऱ्यांतले नव्हेत.

१.००
जेवण. तांदळाची भाकरी, वाल. कामाचं कुणी काढत नाही.

२.३०
भिंतीवर गेरूने लिहितात. वही हरवते, भिंत हरवत नाही. 'हाताला मागून टेकू.' 'पंखा नाही, साडी.' 'पेपर मारायचा की नाही ते वहिनी सांगणार.' चौथ्या ओळीवर अडतं. शाडूच्या ऑर्डरी मेअखेर बंद करायच्या, असं काकांचं म्हणणं. दादा घासाघीस करून १५ जूनवर येतात. मला विचाराल तर ही ओळ पहिल्या फोनलाच पुसली जाणार.
शेजारी गेल्या वर्षीची ओळ अजून दिसते: 'काथ्या आधी मागवा.'
"ती पाळलीत?"
"पाळली ना. सहा पोती पडलाय." काथ्या लागतो पीओपीला. यंदा वळली माती.

४.००
हिशेब. रोजाच्या माणसांची हजेरी मोजून, उचल वजा करून पाकिटं. काकांचं नगावर, आखणीचे चाळीस रुपये. फुटलेल्यांपैकी बारांचे डोळे त्यांनी आखले होते. धरायचे की नाही? काका बाहेर बघत बसतात. दादा आकडा लिहितात: ४८०. काका पाकीट न मोजता खिशात घालतात, मग बाहेर जाऊन मोजतात.

५.१५
फुटक्या मूर्तींचा रंग पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचा. मग हौदात. शाडू भाजलेला नसतो, पाण्यात सुटतो आणि पुन्हा मळता येतो. पीओपीचं तसं नाही, त्याचा नुसता ढीग होतो. धडं, सोंडा, कान, मुकुट एकामागून एक पाण्यात जातात. बुडबुडे येतात.

६.००
पुढची चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६. मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून यंदापेक्षा अठरा दिवस जास्त. दादा तारीख गेरूने लिहितात. वहिनींनी अंगठ्याचा एक हात पदराने पुसून साच्यांच्या फळीवर ठेवलाय, खोलगा वरच्या बाजूला. हौदात अठराच गेले.