पडद्यावरचे वार्धक्य

सुरतेच्या जरीव्यवसायाची खूण आडनावातच वागविणारे हरिहर जरीवाला, अर्थात संजीवकुमार (१९३८–१९८५), नायकाच्या रुबाबापेक्षा भूमिकेचे मोल अधिक मानीत. १९७२ साली ‘कोशिश’मध्ये ते जया भादुरी यांचे मूकबधिर पती झाले, तर ‘परिचय’मध्ये त्यांचेच वडील. ‘शोले’तील वयस्क ठाकूर साकारताना त्यांनी स्वतः चाळिशीही गाठली नव्हती. ‘नया दिन नई रात’मध्ये तर त्यांनी एकट्याने ९ भूमिका वठविल्या. ‘दस्तक’ व ‘कोशिश’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पडद्यावर वारंवार वार्धक्य जगलेल्या या कलावंताच्या वाट्याला प्रत्यक्षात मात्र ते आले नाही. वयाच्या ४७व्या वर्षीच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आयुष्याची मुदत अल्प ठरली. कलेची शिल्लक मात्र आजही कायम आहे.