साथिया: गल्लीतलेच ताई-दादा

मोठ्यांनी सांगितलं की ते भाषण वाटतं. तेच बारावीतली ताई बोलली की कान टवकारतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने हेच हेरलं. हजारेक वस्तीमागे १५ ते १९ वयाचे दोन मुलगे, दोन मुली निवडायच्या. आहार, पाळी, व्यसन, मनावरचा ताण यांवर त्यांनीच बरोबरीच्या आणि धाकट्या मुलांशी बोलायचं. त्यांचं नाव ‘साथिया’. जरा फिल्मी आहे, पण लक्षात राहतं!

आपल्या सिल्वासा भागात मात्र सिकलसेलचा विषय हवाच. वारली, कोकणा, धोडिया समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. वाहक माणूस ठणठणीत दिसतो. तपासणीशिवाय कळत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे लग्नाच्या बोलणीपर्यंत थांबून कसं चालेल? शाळेतच कळलेलं बरं. शिवाय वाहक असणं हे चिडवण्याचं कारण नव्हे, हे सातवीच्या वर्गाला कबड्डी गाजवणारा दादाच पटवू शकतो.

आपल्या मंडळातल्या अकरावी-बारावीच्या मुलांनो, वर्गमित्रांकडून वारलीतली चार वाक्यं शिकून घ्या. आणि रक्त द्यायला एखादा छोटा घाबरत असेल, तर त्याच्या आधी आपला हात पुढे करा.