गाडी कुठवर आली?

सायंकाळचे साडेपाच वाजले आहेत. सिंदेवाहीच्या बसस्थानकावर कॉलेजातून सुटलेल्या मुली, बाजार करून निघालेल्या बाया, चंद्रपूरच्या दवाखान्यातून परतणारे म्हातारे आणि दिवसभर बांधकामावर राबलेले मजूर रस्त्याकडे डोळे लावून बसले आहेत. दर पाच मिनिटांनी कोणीतरी शेजारच्याला विचारते, “गाडी येते का नाही जी?” शेजारचा म्हणतो, “येईन जी, आत्ता येईन.” त्यालाही ठाऊक नसते. परंतु ‘येईन’ म्हटल्याशिवाय धीर कसा धरायचा?

वाचक बंधू-भगिनींनो, आज बहुतेक घरांत निदान एक तरी मोबाईल आला आहे. त्या मोबाईलने या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे, अशी सोय करता येते. अशा सोयीला ‘ॲप’ म्हणतात, हे आपली मुले जाणतातच. ते ॲप कसे असावे, कोणी ठरवावे आणि आपल्या जंगलभागात ते कशाला हवे, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

उशिराचा अर्थ

मोठ्या शहरात एक बस चुकली तर मागून दुसरी येते. तेथे उशीर म्हणजे थोडी चिडचिड. आपल्याकडे आतल्या गावांना दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात. सकाळची गाडी तासभर मागे पडली तर मजुराचा खाडा होतो आणि मुलीचा पेपर बुडू शकतो. संध्याकाळची गाडी मागे पडली तर त्याहून वाईट. फाट्यावर उतरून गावापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर अंधारात चालावे लागते, आणि रस्ता रानातून जातो. १० मे २०२५ रोजी याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राणास मुकल्या. तेव्हापासून दिवस मावळायच्या आत घर गाठावे, हे प्रत्येक आई लेकीला बजावून सांगते. लेकीने ते ऐकले तरी गाडी तिच्या हाती नसते.

उशीर का होतो, हेही समजून घेतले पाहिजे. पावसाळ्यात नाल्याच्या पुलावरून पाणी गेले की गाडी अलीकडेच थांबते. वादळात झाड आडवे पडते. गाडी बिघडते. दूरच्या आगारातून निघालेली गाडी प्रत्येक थांब्यावर दोन-दोन मिनिटे हरवत येते आणि आपल्यापर्यंत पोचेतो त्याचा अर्धा तास झालेला असतो. आगगाडीचेही तेच. सिंदेवाही हे गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे स्थानक. हा मार्ग एकेरी. समोरून गाडी येत असली की दुसरीला स्थानकात थांबवून ठेवावे लागते. या २४० किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणास केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे उशीर कायमचा संपविणे हे मोठे काम आहे, त्याला वर्षे लागतील. परंतु उशिराची खबर वेळेवर देणे हे त्यामानाने लहान काम आहे.

खबर मिळते कशी?

बसमध्ये एक लहानसे यंत्र बसविलेले असते. आकाशातील उपग्रहांच्या संकेतांवरून ते आपली जागा ओळखते आणि मोबाईलसारख्याच एका सिमकार्डामार्फत ती जागा मुख्य संगणकाला कळविते. संगणक पुढच्या थांब्याचे अंतर आणि पूर्वी त्या वाटेला लागलेला वेळ यांचा हिशेब करून गाडी अमुक वाजता येईल असा अंदाज बांधतो. तोच अंदाज ॲपवर दिसतो.

हे काही नवल राहिलेले नाही. अमेरिकेतील सिॲटल शहरात ब्रायन फेरिस या विद्यार्थ्याने २००८ साली ‘वन बस अवे’ नावाची अशी सोय उभी केली. पुढे तेथील अभ्यासात दिसून आले की, गाडीची खरी वेळ ज्याला कळते त्याला वाट पाहणे तेवढे लांबलचक वाटत नाही. आपल्याकडे एस. टी. महामंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘आपली एसटी’ हे ॲप प्रवाशांसाठी खुले केले. हे पाऊल चांगलेच आहे.

पण आपल्या भागात एक अडचण आहे. मूल-चंद्रपूर रस्ता जंगलातून जातो, आतल्या गावांचे रस्ते तर जातातच. जंगलात रेंज तुटते. रेंज नसेल तर यंत्र आपली जागा साठवून ठेवते आणि रेंज आल्यावर पाठविते. तोवर पडद्यावरची गाडी मागच्याच ठिकाणी उभी दिसते. ती गाडी खरोखर बंद पडली की रानातून धावत आहे, हे पाहणाऱ्याला उमगत नाही.

कागदावरचे ॲप

म्हणून आम्ही एक लहानसा प्रयोग केला. मोबाईलच्या आकाराचे कागद कापले, त्यांवर पेन्सिलीने ॲपचे पडदे काढले आणि स्थानकावर बसून प्रवाशांना दाखविले. ॲप तयार करणारे जाणते लोकही आधी कागदावरच काढून पाहतात. कागद खोडता येतो, त्याला पैसा लागत नाही.

नकाशा पाहून एक आजी म्हणाल्या, “ह्या रेघा मले समजत नाही बापू. बोलून सांगत असन तर सांग.” आम्ही नकाशा मागे टाकला आणि वर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य लिहिले : ‘गाडी मूलहून निघाली.’ शेजारी कर्ण्याचे चित्र काढले. ते दाबले की मोबाईलने तेच वाक्य मराठीत बोलावे.

एक गवंडी दादा म्हणाले, “उशीर झाला तर झाला जी. पण येणारच नसन तर ते आधी सांगा. मंग आम्ही शेवटची काळी-पिवळी तरी धरू.” किती खरे आहे! उशिरापेक्षा फेरी रद्द होण्याची खबर मोलाची, आणि तिच्यासोबत पुढे काय करता येईल हेही सांगितले पाहिजे. दुसरी गाडी केव्हा, आगगाडी आहे काय, हे त्याच पडद्यावर हवे.

सर्वांत मोठा धडा आम्हाला बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने दिला. ती म्हणाली, “मी तर इथंच बसली आहो काका, मला गाडी आली की दिसतेच. माझ्या बाबाला सांगा ना. तो टॉर्च घेऊन फाट्यावर येते आणि तास-तासभर एकटाच उभा राहते.”

आम्ही सगळे पडदे प्रवाशासाठी काढले होते. घरी वाट पाहणारा माणूस आमच्या ध्यानातच आला नव्हता. उशिराचा धोका तर दोघांच्याही माथी आहे. म्हणून आम्ही कागदावर आणखी एक खूण काढली : ‘घरी कळवा’. ती एकदा दाबली की बापाच्या साध्या बटनाच्या फोनवर संदेश जावा, ‘गाडी निघाली, सातच्या सुमारास फाट्यावर येईल.’ त्याच्याकडे इंटरनेट नसले तरी साधा संदेश पोचतो. रेल्वेच्या १३९ क्रमांकावर साध्या फोनवरूनही गाडीची चौकशी करता येतेच. मग एस. टी.साठी अशी वाट का असू नये?

आणि जेथे रेंज नाही तेथे ॲपने खरे बोलावे. ‘शेवटची खबर २० मिनिटांपूर्वीची, त्यानंतर जंगलाचा रस्ता’ एवढे लिहिले तरी माणूस समजून घेतो. खोट्या खात्रीपेक्षा खरी शंका बरी. यावरही उपाय निघालेले आहेत. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे आगगाडीचे ॲप बंगळूरच्या एका लहान कंपनीने बनविले. २०१८ मध्ये ती कंपनी गूगलने विकत घेतली. गाडीत बसलेल्या प्रवाशाचा मोबाईल वाटेतील टॉवर ओळखतो, त्यावरून ते ॲप इंटरनेटशिवायही गाडी कुठे आहे ते सांगते. मोठा प्रश्न लहान माणसांनीही सोडविला, तो असा.

आपण काय करावे?

१७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. ही सवलत ज्यांच्यासाठी आहे, त्या माय-बहिणींना आणि वृद्धांना वाचता येईल, ऐकता येईल असेच ॲप हवे. शहरातल्या खोलीत बसून ते कोणी आपल्यासाठी करील, या भरवशावर राहू नये. आपल्या वस्तीतील मुले-मुली संगणक शिकत आहेत. त्यांनी हा विषय अभ्यासाला घ्यावा आणि पहिला कागद स्थानकावरच्या आजीला दाखवावा.

बाकीच्यांनीही एक काम करावे. त्याला मोबाईल लागत नाही. फाट्याजवळच्या दुकानात एक वही दोरीने बांधून ठेवा. रोज तीन गोष्टी लिहा : तारीख, गाडीची ठरलेली वेळ, आलेली वेळ. गाडी आलीच नाही तर तेही लिहा, आणि पाऊस होता की काय तेही. एक महिना हे करा. ती वही घेऊन गावकरी आगारात गेले तर बोलणे तक्रारीचे राहणार नाही, हिशेबाचे होईल. उद्या ॲप करणाऱ्याच्या हाती तीच वही दिली तर आपल्या रस्त्याचा अंदाज त्याला अचूक बांधता येईल.

त्या मुलीचा बाप आजही दिवस मावळताना टॉर्च घेऊन निघेल. त्याला किती वाजता निघायचे, एवढे जरी कळू लागले, तरी पुष्कळ झाले.