तणाचा नकाशा कोणासाठी?

शेतकऱ्याचा शत्रू कोण, असे विचारले तर पुष्कळजण कीड किंवा अवर्षण यांचे नाव घेतील. परंतु कीड एखाद्या वर्षी पडते, पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो. तण मात्र दरसाल, न चुकता, पिकाच्या बरोबरीने उगवते. दहा प्रमुख पिकांत तणांमुळे देशाचे वर्षाला सुमारे ११ अब्ज डॉलरचे नुकसान होते, असा अंदाज जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केला होता. हे तण शेतात नेमके कोठे वाढले आहे, हे आकाशातून पाहून त्याचा नकाशा काढण्याचे शास्त्र आता प्रयोगशाळेबाहेर पडले आहे. त्याची दखल घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

या शास्त्राचे मूळ साधे आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. हे प्रमाण वनस्पतीची जात, वय व प्रकृती यांनुसार थोडेफार बदलते. १९७० च्या सुमारास डॉ. पिशारोटी यांनी केरळात अवरक्त फिल्म लावलेल्या कॅमेऱ्याने आकाशातून नारळबागांची छायाचित्रे घेतली आणि रोगट माड निरोगी माडांपासून वेगळे ओळखून दाखविले. भारतातील दूरसंवेदनाची सुरुवात अशी माडापासून झाली, ही गोष्ट किनारपट्टीवरील माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तण ओळखणे त्याहून अवघड आहे, कारण येथे हिरव्यातून हिरवे निवडायचे असते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातील सर्वांत लहान चौकोन १० मीटर बाजूचा असतो. आमच्याकडील कित्येक कुणग्यांची रुंदीही तेवढी नसते! म्हणून कमी उंचीवरून उडणाऱ्या ड्रोनचा उपयोग करावा लागतो. त्याच्या चित्रात रोपटे न् रोपटे दिसते. स्पेनमध्ये कोर्दोबा येथील संशोधकांनी मका व सूर्यफुलाच्या शेतांत हाच मार्ग अवलंबिला. पिकाच्या ओळी आधी ओळखायच्या आणि ओळींच्या मधले हिरवे ते तण समजायचे, अशी त्यांची युक्ती आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? तण शेतभर सारखे पसरत नाही, ते ठिकठिकाणी पुंजक्यांनी वाढते. पुंजका कोठे आहे हे कळले, तर औषध तेवढ्याच जागी फवारता येते, किंवा खुरपे तेवढ्याच जागी चालविता येते. त्यात पैसा वाचतो, माती वाचते आणि विहिरीचे पाणीही वाचते. एकच तणनाशक सरसकट मारीत राहिल्याचे फळ हरियाणाने १९९० च्या दशकात भोगले आहे. तेथील गव्हातले गुल्ली-डंडा नावाचे तण त्या औषधाला जुमानीनासे झाले आणि हातचे पीक गेले.

तथापि परदेशचा नमुना जशाच्या तसा येथे चालणार नाही. आमची सरद शेती ढगांच्या छायेत होते. साधा उपग्रह ढगांतून पाहू शकत नाही; रडारचा उपग्रह पाहू शकतो, परंतु भात आणि रानभात यांतला भेद त्यालाही सहजी कळत नाही. पिकाला खरा धोका पहिल्या ३०-४५ दिवसांतल्या तणाचा असतो. त्यानंतर हाती आलेला नकाशा म्हणजे लग्न लागल्यावर आलेले आमंत्रणच होय. म्हणून प्रयोग करायचे ते वायंगणापासून, निरभ्र आकाशाच्या दिवसांत सुरू करावेत, असे आम्ही सुचवितो.

पण खरा प्रश्न यंत्राचा नाही, मालकीचा आहे. नकाशा ही निरुपद्रवी वस्तू नव्हे. तो ज्याच्या हाती, जमीन हळूहळू त्याच्या हाती जाते. आज गोव्यात कितीतरी शेते पडीक आहेत. बांध फुटून खारे पाणी शिरले, मानशी नादुरुस्त राहिल्या, बेणणीला माणूस मिळेना, म्हणून खाजनात तण माजले. त्या तणाचा नकाशा कृषिखात्याच्या मेजावर गेला, तर बांध कोठे दुरुस्त करावा हे त्यातून कळेल. तोच नकाशा जमिनीच्या व्यापाऱ्याच्या हाती पडला, तर 'येथे शेती होतच नाही' असा पुरावा म्हणून तो रूपांतराच्या अर्जाला जोडला जाईल. १९६४ च्या कूळ कायद्यापासून कसणाऱ्याने पावलापावलाने जे मिळविले, ते आकाशातून घेतलेल्या एका चित्राने गमवावे काय?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरील जुनी बंधने सैल केली, त्याच वर्षी ड्रोनचे नियमही सुलभ केले. या मोकळिकीचे आम्ही स्वागत करतो. मात्र शेताच्या चित्रावर पहिला हक्क कसणाऱ्याचा असावा, ते त्याला मराठी-कोंकणीत समजेल अशा रूपात व वेळेवर मिळावे, आणि पडीक दिसणारी जमीन बिनशेती ठरविण्यासाठी असा नकाशा ग्राह्य धरू नये, असे सरकारने स्पष्ट नियमांनी बांधून द्यावे. जुन्या गोव्याच्या किनारी कृषी संशोधन संस्थेने कूळसंघांना बरोबर घेऊन एखाद्या खाजनात हा प्रयोग करावा. बेणणी करून घर चालविणाऱ्या बायकांनाच ड्रोन चालविण्याचे शिक्षण द्यावे; कोणते रोप भाताचे आणि कोणते तणाचे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळते?

शेतातले तण नकाशावर आले, हे चांगलेच झाले. ते शेतातून गेले आणि शेत मात्र शेतच राहिले, तर या विद्येचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.