क्लेअर घराण्याची वंशावळ आणि वारसाहक्क

अँग्लो-नॉर्मन सरदार घराण्यांच्या वंशावळी म्हणजे केवळ पूर्वजांच्या नावांची माळ नव्हे. जमीन, पदवी आणि विवाह या तिन्ही बाबतींतील हक्कांचा निर्णय त्यांवर अवलंबून असे. क्लेअर घराण्याचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

या घराण्याचा पूर्वज गॉडफ्रे हा नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड याचा अनौरस पुत्र होय. गॉडफ्रेचा मुलगा, ब्रियोनचा काउंट गिल्बर्ट, याचा १०४० च्या सुमारास वध झाला. गिल्बर्टचा मुलगा रिचर्ड यास इंग्लंडच्या विजयानंतर सफक परगण्यातील क्लेअर व केंटमधील टनब्रिज ही ठाणी मिळाली. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत ही एकच व्यक्ती कोठे ‘टनब्रिजचा रिचर्ड’, तर कोठे ‘काउंट गिल्बर्टचा पुत्र रिचर्ड’ अशा निरनिराळ्या नावांनी आढळते. ‘फिट्झ’ म्हणजे ‘पुत्र’. अर्थात ‘फिट्झ गिल्बर्ट’ हे कुलनाम नसून पितृनाम होय. शिवाय रिचर्ड व गिल्बर्ट हीच नावे पुढील पिढ्यांत पुनःपुन्हा येतात. यास्तव केवळ नामसाम्यावरून व्यक्ती निश्चित करता येत नाही. जमीन, पत्नी व मृत्युवर्ष यांचा मेळ घालावा लागतो.

या रिचर्डचा मुलगा गिल्बर्ट १११७ च्या सुमारास वारला. त्याच्यापासून दोन शाखा फुटल्या. वडील शाखेकडे पुढे हर्टफर्डची अर्ल ही पदवी आली. धाकट्या शाखेतील गिल्बर्ट ११३८ मध्ये पेंब्रोकचा अर्ल झाला. त्याचा मुलगा ‘स्ट्राँगबो’ या नावाने प्रसिद्ध असलेला रिचर्ड होय. त्याने ११७० मध्ये लेन्स्टरच्या राजाची कन्या ईफा हिच्याशी विवाह केला. त्याची कन्या इझाबेल ११८९ मध्ये विल्यम मार्शल यास दिली गेली.

त्याच वर्षी वंशावळीचे व्यावहारिक मोल दिसून आले. बकिंगहॅमचा अर्ल वॉल्टर गिफर्ड ११६४ मध्ये निःसंतान वारला होता. पहिल्या रिचर्डची पत्नी रोहेझ ही गिफर्ड कुळातील असल्याने तिच्या नात्यावर क्लेअरांचा दावा उभा होता. राजा पहिला रिचर्ड याने तो मान्य करून गिफर्डांची मालमत्ता हर्टफर्डचा अर्ल आणि इझाबेलचा पती मार्शल यांत विभागली. शंभर वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचे नाते अशा रीतीने दोन्ही शाखांना फलदायी ठरले.

१२१७ मध्ये या शाखा विवाहाने पुन्हा जुळल्या. वडील शाखेतील गिल्बर्टने मार्शलची कन्या इझाबेल हिच्याशी लग्न केले. १११७ च्या सुमारास वारलेल्या गिल्बर्टपासून मोजल्यास वर व वधू दोघेही चौथ्या पिढीत येतात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने विवाहनिषेध चौथ्या पायरीपर्यंत ठेवला होता. म्हणजे हे नाते निषिद्ध मर्यादेच्या आतच पडत होते. जी वंशावळ मालमत्ता मिळवून देई, तीच विवाहात बाधाही उत्पन्न करू शके. याच गिल्बर्टला मातेकडून ग्लॉस्टरची पदवीही लाभली.

पुरुषवंशाचा शेवट १३१४ मध्ये झाला. त्या वर्षी अर्ल गिल्बर्ट बॅनकबर्नच्या रणांगणावर पडला. त्यास अपत्य नव्हते. परंतु आपण गरोदर असल्याचे विधवेने सांगितल्यामुळे वाटणी लांबली. अखेर १३१७ मध्ये एलिनॉर, मार्गारेट व एलिझाबेथ या तीन बहिणींत मालमत्ता वाटली गेली. पुत्र असता तर ज्येष्ठास सर्व मिळते. कन्यांमध्ये मात्र समान वाटे पडत. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या साठलेली सत्ता एका वाटणीने विखुरली आणि तिन्ही बहिणींच्या पतींमध्ये चुरस निर्माण झाली.

क्लेअरांचा उत्कर्ष पुष्कळ अंशी स्त्रियांच्या द्वारे आलेल्या वारशावर झाला, आणि विभागणीही त्याच नियमाने झाली. केवळ पुरुषांची नावे नोंदणाऱ्या वंशवृक्षात या दोहोंचेही कारण सापडणार नाही. १३३८ मध्ये एलिझाबेथने केंब्रिज येथील एका महाविद्यालयास देणगी देऊन ते नव्याने उभे केले. क्लेअर हे कुलनाम तेथे आजही टिकून आहे.