भरवशाचा निरोप्या

पूर्वी सातबारा हवा असला की तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागत. आता तो संगणकावर पाहता येतो. पण संगणकाला तो कोण आणून देतं? ते काम ब्राउझर करतो.

ब्राउझर म्हणजे आपला निरोप्या. आपण पत्ता सांगायचा. तो तिथं जातो, हवा तो कागद आणतो आणि पडद्यावर मांडतो. आपलं नाव, पासवर्ड, बँकेचा व्यवहार, सगळं त्याच्याच हातून जातं. म्हणून निरोप्या भरवशाचा हवा. तो कसा निवडावा?

पहिली गोष्ट. तो कोणाच्या घरचा, हे पाहावं. क्रोम गूगल कंपनीचा आहे. एज मायक्रोसॉफ्टचा आहे. फायरफॉक्स मोझिला या संस्थेचा आहे. हे तिन्ही फुकट मिळतात. यांतला कोणताही घ्या, पण बनवणाऱ्याच्याच जागेवरून घ्या.

माझीच फजिती सांगतो. एका जाहिरातीत मी वाचलं, ‘सर्वांत वेगवान ब्राउझर’. भुललो आणि बटण दाबलं. दुसऱ्या दिवसापासून पडदा जाहिरातींनी भरून जाऊ लागला. शेवटी पुतण्यानं तो ब्राउझर काढून टाकला. सारा जन्म मुलांना ‘नीट वाचा’ म्हणून सांगितलं, आणि स्वतः मात्र वाचलं नाही!

दुसरी गोष्ट. त्याची डागडुजी होते का? पावसाळ्यापूर्वी आपण घर शाकारतो. ब्राउझरलाही भोकं पडतात. चोर ती शोधतात, बनवणारे बुजवतात. या डागडुजीला ‘अपडेट’ म्हणतात. अपडेट आलं की टाळू नये. ज्याची डागडुजी थांबली, तो ब्राउझर सोडावा. इंटरनेट एक्सप्लोरर 1995 साली आला. एके काळी तो घरोघरी होता. 2022 च्या जूनमध्ये कंपनीनं त्याला निवृत्त केलं. संगणक फार जुना असला तरीही अडचण येते. विंडोज 7 वर 2023 च्या फेब्रुवारीपासून नवा क्रोम चालत नाही.

तिसरी गोष्ट. निरोप्या चांगला असला, तरी पत्ता आपणच तपासायचा. ‘ही जागा सुरक्षित नाही’ असं ब्राउझरनं बजावलं, तर तिथं पासवर्ड लिहू नये. पण तो गप्प राहिला म्हणजे जागा खरी, असंही समजू नये. लबाड माणूस बँकेच्या नावासारखंच नाव लावतो. एखादंच अक्षर बदलतो. म्हणून पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. सातबाऱ्याच्या सरकारी जागेचं नाव ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपतं. त्यानंतर तिरपी रेघ येते. ही इंग्रजी अक्षरं जाणत्याकडून एकदा ओळखून घ्या.

चौथी गोष्ट. ब्राउझर विचारतो, ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ ग्रंथालयातला किंवा दुकानातला संगणक असेल, तर ‘नको’ म्हणावं. काम झालं की खात्यातून बाहेर पडावं. नाही तर आपल्यामागून बसणाऱ्याला आपलं खातं उघडंच सापडेल.

पूर्वी कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. तो सांगेल तिथं अंगठा उठवावा लागे. त्यात कित्येकांच्या जमिनी गेल्या. आता तुम्हाला वाचता येतं. मग बटण दाबण्यापूर्वी वाचा. घाई कशाला?