बोगद्याबाहेरचे पहिले काही सेकंद

मे 2000मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, तेव्हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काम सुरू होतं. शंभर मीटरपर्यंत चुकणारी जागा एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. 2002मध्ये रस्ता पूर्ण खुला झाला. त्या सुरुवातीच्या वर्षांत गाडीत जीपीएस लावून ज्यांनी कामशेतचा बोगदा ओलांडला, त्यांना आठवेल: आपण बाहेर येऊन पुढे गेलो तरी पडद्यावरची गाडी डोंगरातच.

खापर फुटायचं पावसावर. पण लोणावळ्याचं धुकं नि ढग जीपीएसच्या लहरींना जवळजवळ अडवतच नाहीत. अडवतो तो कातळ, आणि थोडीफार ओली, दाट झाडी.

वीस हजार किलोमीटरवरून येणारा संदेश जमिनीवर उरतो तो वॉटच्या सुमारे एक कोटी अब्जाव्या भागाएवढा, रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाखाली दबलेला. तरी तो सापडतो, कारण त्याचा 1,023 ठोक्यांचा संकेत दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो आणि रिसीव्हर त्या आवृत्त्यांची बेरीज करत जातो. संदेश जितका क्षीण, तितकी लांब बेरीज. धावत्या गाडीत घोडं इथेच पेंड खातं. ताशी 100 किलोमीटर वेगाने वारंवारता दीडशे हर्ट्झपर्यंत सरकते. सरळ रस्त्यावर ते निभावतं. खंडाळ्याच्या वळणावर ब्रेक लागला की सरकणंच बदलत राहतं. सलग सेकंदभराची बेरीज करायची तर वेगाचा अंदाज सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आत बरोबर हवा! त्यात जुन्या संदेशात दर 20 मिलिसेकंदांनी माहितीचा बिट उलटू शकतो, आणि मग केलेली बेरीज वजाबाकी होऊन बसते.

पुढे फोनला उपग्रहांचा ठावठिकाणा मोबाइल नेटवर्कमधून आधीच मिळू लागला. 2005पासूनच्या जीपीएस उपग्रहांनी बिटाविना नुसता संकेतही पाठवायला सुरुवात केली. माझ्या मते या अडचणीवर खरी मात केली ती विमानं-क्षेपणास्त्रांसाठी घडलेल्या युक्तीने: गतिमापकांनी रिसीव्हरला त्याची स्वतःची हालचाल सांगायची, त्याने ती वजा करून ऐकायचं.

2016मध्ये भारताच्या स्वतःच्या 'नाविक' या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचा सातवा उपग्रह गेला. त्यातला 83 अंश पूर्वेवरचा उपग्रह लोणावळ्यातून क्षितिजापासून साधारण 65 अंश उंच असतो. घाटाच्या कड्याआड तो सहसा जात नाही. ही आपली जमेची बाजू. पण काही उपग्रहांची आण्विक घड्याळं बंद पडली. मे 2023मध्ये देशी घड्याळ घेऊन एनव्हीएस-01 हा उपग्रह गेला, तर जानेवारी 2025चा एनव्हीएस-02 ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही.

आता द्रुतगती मार्गाच्या खोपोली-कुसगाव 'मिसिंग लिंक' या जोडरस्त्याचा लोणावळा तलावाखालचा बोगदा जवळपास नऊ किलोमीटरचा. कामशेतचा बोगदा अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतो. इथे ताशी 80ने पावणेसात मिनिटं लागतील. तेवढ्यात फोनच्या स्वस्त गतिमापकाची चूक वाढत जाते. रिसीव्हरचा कान कितीही तयार असला तरी आत ऐकायला काही नसतंच. तिथे चाकांचे फेरे मोजणं किंवा बोगद्यातच छोटे प्रक्षेपक बसवणं, एवढेच मार्ग.